घरगुती वापराची करवत

योग्य हत्यार निवडलं की निम्मं युद्ध जिंकल्यात जमा असतं. हे वाक्य भाऊंनी एका रविवारी सकाळी, हात पाठीमागे बांधून, कोणीही काहीही विचारलेलं नसताना उच्चारलं. पुढेमागे कोणी ते भिंतीवर लिहून लावेल अशा बेताने, सावकाश उच्चारलं. त्या क्षणी पाठीमागच्या हातात नेलकटर होतं, आणि त्याहून मोठं धारदार असं काही भाऊंनी उभ्या आयुष्यात चालवलेलं नव्हतं. कांदा चिरायला म्हणून त्यांनी सुरी उचलली तरी बायको ती काढून घेई. "ठेवा ती. डॉक्टरकडे जायला मला आज वेळ नाही."

युद्ध होतं एका फांदीशी.

भाऊंचे वडील आप्पा माडीवरच्या खोलीत राहत. खोलीला रस्त्याकडे एक खिडकी, रस्त्यापलीकडे तसंच एक घर, त्या घरालाही माडी आणि माडीला खिडकी. त्या खिडकीत मास्तर बसत. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, स्टेशनमास्तर. आप्पा त्याच मार्गावर गार्ड होते. फार पूर्वी एक मालगाडी मास्तरांच्या स्टेशनातून उशिरा सुटली होती, ती गार्डाच्या चुकीमुळे की मास्तरांच्या, या मुद्द्यावर दोघांचं जे बिनसलं ते नोकरी संपली तरी मिटलं नाही. भांडायला लांब जावं लागू नये म्हणून की काय, निवृत्तीनंतर दोघांनी समोरासमोर घरं घेतली.

मग वय झालं. आप्पांचे गुडघे गेले. मास्तरांचे कान गेले. पुढे मास्तरांचे गुडघेही गेले. कुठल्याही बाबतीत गार्डाच्या मागे राहतील तर ते मास्तर कसले. आता दोघांनाही जिना उतरता येईना, आणि फोन करावा तर मास्तरांना ऐकू येईना. उरल्या दोन खिडक्या. रोज सकाळी चहा झाला की मास्तर खिडकीतून हिरवा रुमाल हलवत. अर्थ असा, की रात्र नीट गेली, लाइन मोकळी आहे. आप्पा आपला हिरवा रुमाल हलवून उत्तर देत. मग आप्पांचा दिवस सुटे: दाढी, अंघोळ, पेपर, सुनेच्या कामात चुका काढणं. सिग्नल मिळाल्याशिवाय दिवस सोडायचा नाही हा त्यांचा नियम होता.

आणि मध्ये फांदी आली. भाऊंच्या फाटकालगतचं झाड वर्षानुवर्षं सरळमार्गी होतं. एकाएकी त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने रस्त्यावर एक आडवी फांदी काढली आणि बघता बघता मास्तरांची खिडकी पानांनी झाकून टाकली. झाडाला वाढायला कोणाची परवानगी लागत नाही. लागते ती तोडणाऱ्याला.

पहिल्या दिवशी भाऊ स्वतः समोर जाऊन आले. "आप्पा, मास्तर ठणठणीत आहेत. हिरवा आहे."

"मी पाहिला का?"

"मी पाहिला ना."

"तोंडी निरोपावर गाडी सोडत नाहीत," आप्पा म्हणाले आणि गालाला साबण लावलेल्या अवस्थेत खिडकीपाशी बसून राहिले. साबण वाळला. दुपारी सुनेने तो ओल्या फडक्याने पुसून काढला.

"अहो, एखादा माणूस बोलवा," बायको म्हणाली. "अर्ध्या तासात कापून मोकळा होईल."

साधं होतं. पण साध्या गोष्टी साधेपणाने करणाऱ्यांपैकी भाऊ नव्हते. ते एका मोठ्या कचेरीत खरेदी विभागात होते. तिथे टाचणी घ्यायची तरी तीन दुकानांकडून भाव मागवायचे, तिन्हींची तुलना करायची, तुलनेवर वरिष्ठांचं मत घ्यायचं आणि मत येईपर्यंत भाव बदलले म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. कचेरीसाठी थंड पाण्याचं यंत्र भाऊंनी असं काही काळजीपूर्वक निवडलं होतं, की ते आलं तेव्हा कचेरी दुसऱ्या इमारतीत गेली होती. यंत्र मात्र अव्वल होतं. जुन्या इमारतीचा पहारेकरी आजही भाऊंना दुवा देतो.

"माणूस बोलावला तर आज फांदी जाईल," भाऊ म्हणाले. "पण फांद्या पुन्हा येतात. घरात स्वतःची चेनसॉ असली की कायमची चिंता मिटते."

"आपल्याकडे झाड एक आहे."

"म्हणून तर चुकायला वाव नाही."

बायकोने पुढे काही विचारलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

हत्यारांच्या दुकानात भाऊ गेले ते शनिवारी. दुकानदार जाड भिंगांचा चष्मा लावून स्क्रू निवडत होता.

"चेनसॉ दाखवा. घरगुती वापराची."

"घरात काय कापणार?"

"फांदी."

"फांदी घरात आलीये?"

"घराबाहेर आहे. वापर घरगुती आहे."

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला, गिऱ्हाइकाला नीट पाहून घेतलं आणि तीन यंत्रं काढून मांडली. एक पेट्रोलवर चालणारं. ते भाऊंनी उचललं आणि लगेच ठेवलं. नाकापेक्षा मोती जड. शिवाय त्याच्या पेट्रोलात तेल ठरावीक प्रमाणात मिसळावं लागे आणि प्रमाण चुकलं तर इंजिन बसे. दुसरं विजेवर चालणारं. हलकं, गुणी, पण वायर जेमतेम फाटकापर्यंत पोचेल एवढी. तिसरं बॅटरीचं. त्याला वायर नाही, धूर नाही, फक्त बॅटरी अशी होती की ती ऐन फांदीच्या मध्यावर संपली तर काय, या विचाराने भाऊंना तिथल्या तिथे घाम फुटला.

"फांदी जाडीला किती?" दुकानदाराने विचारलं. "पातं त्याहून जरा लांब घ्यायचं."

भाऊंनी दोन्ही हातांनी जाडी दाखवली. पुढच्या खेपेला दाखवली ती पहिल्याहून थोडी जास्त होती, आणि तिसऱ्या खेपेला तर दुकानदार म्हणाला, "साहेब, ही फांदी की खोड? दर शनिवारी वाढतेय."

तेव्हा भाऊ बायकोची शिवणाची टेप घेऊन स्टुलावर चढले. टेप फांदीला पोचली नाही, स्टूल मात्र शेजारच्या इंजिनिअरसाहेबांच्या लक्षात आलं. इंजिनिअरसाहेब निवृत्त होते. आपण धरण बांधलं असं ते सांगत. कुठलं ते सांगत नसत.

"भाऊ, काय चाललंय?"

"मोजमाप."

"कशाला मोजता? पेट्रोलचं घ्या, डोळे मिटून. विजेचं म्हणजे आमच्या हिचा मिक्सर. बॅटरीचं म्हणजे पोरांचं खेळणं. आणि शिडीवर चढून चालवू नका. उलट झटका बसला की करवत थेट कपाळावर येते. आमच्या साइटवर एकाला आली होती."

"मग?"

"मग काय. गेला."

"वारला?"

"छे हो. नोकरी सोडून गेला. पोल्ट्री काढलीये."

याचा परिणाम असा झाला, की करवतीच्या आधी भाऊंनी संरक्षणाची साधनं खरेदी केली. हेल्मेट, जाळीचा मुखवटा, आवाज अडवायला कानांवर लावायचे इअरमफ आणि कोपरापर्यंतचे हातमोजे. बरोबर बसतात का हे पाहायला ते सगळं चढवून रात्रीच्या जेवणाला बसले. घास मुखवट्याच्या जाळीवर आपटून परत ताटात पडला. वरून आप्पांनी सुनेला हाक मारली, "सूनबाई, खाली कोण आलंय? आवाज भाऊचा वाटतो, पण बहिऱ्यासारखा ओरडतोय."

एवढ्यात कोणीतरी सांगितलं, की फांदी तोडायलासुद्धा उद्यान खात्याची परवानगी लागते. भाऊंना आनंद झाला. कचेरीतल्या माणसाला दुसऱ्या कचेरीत जाताना माहेरी गेल्यासारखं वाटतं. तिथल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "झाड कुठलं?"

"आमच्या दारातलं."

"जात कुठली?"

इथे घोडं अडलं. झाडाची जात कोणालाच माहीत नव्हती. आप्पांच्या मते ते आलं तेव्हापासून तसंच होतं. इंजिनिअरसाहेबांनी एक नाव ठासून सांगितलं; ते झाड थंड प्रदेशात होतं असं पुढे कळलं.

"मग साहेबांना पाहणीला यावं लागेल," कारकून म्हणाला.

"कधी येतील?"

"रजेवर आहेत."

"रजेवरून कधी येतील?"

"ते आम्ही विचारत नाही. विचारलं की आल्यावर लक्षात ठेवतात."

इकडे आप्पांची गाडी यार्डातच उभी. रोज सकाळी भाऊ समोर जाऊन हिरव्याचा निरोप आणत, रोज आप्पा तो नियमबाह्य ठरवत, आणि दुपारपर्यंत वाट पाहून नाइलाजाने, अपमान गिळल्यासारखी, दाढी करत. पेपर वाचायचे, पण मोठ्याने नाही. सुनेच्या कामात चूक काढेनासे झाले. तेव्हा मात्र सून घाबरली. "अहो, भाजीत मीठ नव्हतं आज," तिने भाऊंना सांगितलं. "मुद्दाम घातलं नाही. गुपचूप जेवले."

त्या शनिवारी भाऊ निश्चय करून निघाले. तीन भाव नाहीत, तुलना नाही. बॅटरीची घ्यायची आणि यायचं. दुकानदाराने आनंदाने यंत्र चालवून दाखवलं. साखळीला तेल लागतं, ते फिरताना थोडं उडतं, हे माहितीपत्रकात लिहिलेलं होतं आणि भाऊंना पाठ होतं. तरी त्याच तेलावरून घसरून ते दुकानाच्या पायरीवर बसले, आणि बसले ते दोन माणसांनी उठवेपर्यंत. करवत "नंतर नेतो" असं म्हणून, घोटा धरत, लंगडत घराच्या वळणावर आले तर मास्तरांची सून समोरच्या घराला कुलूप लावत होती.

"भाऊ," ती म्हणाली, आणि किल्ली हातातच ठेवून सांगायला लागली.

सकाळी, भाऊ निरोप घेऊन गेल्यावर, मास्तरांना घाम फुटला. मुलाने गाडीत घालून इस्पितळात नेलं. तिथून ते परत आले नाहीत. पुढचं सगळं थोरल्या मुलाच्या घरून व्हायचं होतं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि ती कपडे न्यायला आली होती.

"आप्पांना तुम्ही सांगा. मला नाही जमायचं," ती म्हणाली. "रोज रुमाल दाखवायचे हो. मी म्हणायची, बाबा, समोर फांदी आहे, कोणाला दिसणार? म्हणायचे, आपण दाखवायचं. पाहायचं काम गार्डाचं."

भाऊ जिना चढले. एका पायरीला दोन पाय असे चढले.

"लंगडतोस का?" आप्पांनी विचारलं.

"दुकानात घसरलो."

"लक्ष कुठे असतं? करवत आणलीस?"

बोलायचं ते भाऊंच्या ओठावर आलं होतं. आप्पा खिडकीत बसले होते, तोंड पानांकडे, मांडीवर हिरवा रुमाल घडी घालून.

"नाही. करवतीत खोट निघाली," भाऊ म्हणाले.

स्वयंपाकघरात भाऊंनी सांगितलं तेव्हा बायकोने हातातली कणीक तशीच ठेवली. मग डोळे पुसून म्हणाली, "सांगायला तर लागेल."

"सांगू. योग्य वेळ आली की."

"तुमच्या खात्यात योग्य वेळ कधी आली होती?"

एक मात्र पक्कं होतं. फांदी आहे तोवर समोरची बंद खिडकी दिसणार नाही, आणि खिडकी दिसत नाही तोवर मास्तर आहेत. फांदी राहायला हवी होती. म्हणजे करवत यायला नको होती.

आणि इथून भाऊंचे खरे हाल सुरू झाले. कारण आजवर ज्यांनी ज्यांनी अडवलं होतं, ते सगळे एकदम मदतीला धावले. मागितलं तेव्हा मिळालं नाही. नको म्हटल्यावर लोक घरपोच द्यायला लागले.

पहिले आले उद्यान खात्याचे साहेब. रजेवरून आलेला माणूस इतका ताजातवाना असू शकतो हे भाऊंनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी झाड पाहिलं, एका दमात त्याची जात सांगितली, फांदीकडे बोट केलं आणि म्हणाले, "कापा."

"साहेब, घाई नको. जरा विचार करा," भाऊ म्हणाले. "सावली आहे. पक्षी असतात."

"कुठे आहेत पक्षी?"

"आत्ता कामाला गेलेत."

"अहो, फांदी आहे ही, जंगल नाही. कापा बिनधास्त."

"लेखी हरकत वगैरे काही मिळेल का? छोटीशी?"

साहेबांनी सेवेच्या एवढ्या वर्षांत हरकत मागणारा माणूस पाहिला नव्हता. जाताना ते दोनदा वळून पाहत गेले.

मग दुकानदाराचा फोन. पायरीवर पडल्याचं त्याला वाईट वाटत होतं. बॅटरीची करवत घरी पाठवतो, वापरून पाहा. भाऊ तातडीने दुकानात गेले आणि म्हणाले, आवाज फार आहे. त्याने कमी आवाजाची काढली. भाऊ म्हणाले, हिचा आवाज फारच कमी आहे, मागून कोणी आलं तर त्याला कळणार कसं? त्याने मधल्या आवाजाची काढली. भाऊंनी रंगाला नाव ठेवलं.

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, खरं सांगा. करवत पाहिजे की बोलायला कोणी पाहिजे?"

भाऊ स्टुलावर बसले. दुकानदाराने चहा मागवला. त्यानंतर भाऊ तिथे वरचेवर जाऊ लागले. करवतीवर धूळ बसली की पुसून ठेवत.

घरी सकाळचा निरोप सुरूच होता. भाऊ फाटकाबाहेर जात, समोरच्या कुलपापाशी थोडा वेळ उभे राहत आणि परत येऊन सांगत, "हिरवा." आश्चर्य म्हणजे आप्पांनी आता नियमावर बोट ठेवणं सोडलं होतं. ते चौकशी करू लागले. आणखी काय म्हणाले? खोकला कसा आहे? काही बोलले नाहीत? बोलले नाहीत असं कसं सांगायचं? म्हणून भाऊ थोडं थोडं रचू लागले. मास्तर म्हणाले, गार्डाला सांग, पेपर डोळ्यांपासून लांब धरून वाच. आप्पा खूश. मास्तर म्हणाले, मालगाडीला उशीर झाला तो गार्डामुळेच. आप्पा आणखी खूश. लगेच प्रत्युत्तर दिलं, ते भाऊंनी समोरच्या कुलपाला पोचवलं. पण मेलेल्या माणसाच्या वतीने भांडण चालवणं सोपं नसतं, त्यातून ते रेल्वेचं. सिग्नल आणि कोळसा आणि शंटिंग यांतलं भाऊंना काही कळत नव्हतं आणि मास्तरांची बाजू रोज कच्ची पडत चालली होती.

एका सकाळी आप्पा पांघरूण ओढून बसले होते. रात्री झोप लागली नव्हती. चेहरा असा उतरलेला, की भाऊंना राहवलं नाही. ते समोर जाऊन आले आणि म्हणाले, "आप्पा, आज मास्तर म्हणाले, त्या मालगाडीचं... चूक माझीच होती."

आप्पांनी मान वर केली. "कोणाची?"

"त्यांची. मास्तरांची."

"असं म्हणाले?"

"हो. स्पष्ट म्हणाले."

आप्पांनी तोंड पानांकडे वळवलं. भाऊंना वाटलं, आनंद मावत नसेल.

"बरं," आप्पा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, "काय रे, करवतीचं कुठवर आलं?" आणि निरोपही विचारला. भाऊंनी दोन्हींची उत्तरं दिली आणि सुटल्यासारखं वाटून कामाला गेले.

या सगळ्या काळात इंजिनिअरसाहेब आपल्या लेकीकडे गेलेले होते. तिथे पाहुणचार, नातवंडं आणि जावयाची बाग. जावयाच्या बागेत त्यांना एक वस्तू दिसली आणि तिच्यावर त्यांचं मन बसलं; येताना ते ती घेऊनच आले. आल्या दिवशी, बॅग न उघडता, त्यांनी ती काढली. गल्लीत काय घडून गेलं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला त्यांनी कोणाला उसंतही दिली नाही. त्यांना एकच दिसलं. शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या वडिलांची फांदी अजून तशीच आहे.

भाऊ तेव्हा दुकानात चहा पीत होते. परत येताना वळणावर त्यांना आवाज ऐकू आला. या विषयाचा एवढा अभ्यास झालेला होता की आवाजावरून त्यांनी ओळखलं: मध्यम पातं, साखळी नवी, तेल व्यवस्थित. मग कळलं, की आवाज आपल्याच घरावरून येतोय. घोटा अजून दुखत होता. भाऊ धावले.

पोर्चच्या स्लॅबवर इंजिनिअरसाहेब उभे होते. हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला चेनसॉ. शिडी नको, स्टूल नको, कपाळावर झटका यायची भीती नको. सुरक्षित जागी उभं राहायचं आणि लांबून कापायचं. घरगुती वापराला याहून योग्य करवत जगात नव्हती, आणि भाऊंच्या तुलनेत ती कुठे आलीच नव्हती. खाली बायको दोन्ही हात हलवत ओरडत होती. इंजिनिअरसाहेबांच्या कानांवर इअरमफ होते. ते तिच्याकडे पाहून हसले आणि अंगठा वर केला.

"थांबवा!" भाऊ ओरडले.

"आलं, आलं, संपत आलं!" साहेब ओरडले.

फांदी कडकडली, क्षणभर सालीला लोंबकळली आणि खाली आली ती इंजिनिअरसाहेबांच्याच स्कूटरवर. आरसा फुटला. साहेबांनी यंत्र बंद केलं, इअरमफ काढले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "असू दे, असू दे. आप्पांसाठी आहे. आप्पा, दिसतंय का आता?"

बायकोने साहेबांना स्लॅबवरून खाली बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं. साहेब पायरीवर बसले. भाऊ वर गेले.

आप्पा खिडकीत बसले होते. फांदी आल्यापासून खोलीत इतका उजेड आला नव्हता. भिंतीवरचे पोपडे, कपाटावरची धूळ, आप्पांच्या हातांवरच्या शिरा, सगळं लख्ख दिसत होतं. समोर मास्तरांची खिडकी होती. दोन्ही दारं लावलेली, बाहेरून आडवी पट्टी ठोकलेली.

"बंद आहे," आप्पा म्हणाले.

"हो."

"कधी?"

"घसरलो होतो, त्या दिवशी."

आप्पांनी मान हलवली. "पोचवायला गेला होतास?"

"नाही. पाय..."

"जायला हवं होतंस. घरातलं कोणीतरी."

भाऊ हळूच म्हणाले, "तुम्हाला कळलं होतं, आप्पा?"

"अरे, मास्तर चूक कबूल करतात? जिवंतपणी?" आप्पांनी रुमालाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "दुसरं काहीही सांगितलं असतंस तर मी आणखी वर्षभर मानलं असतं."

"मग तरीही रोज करवत, करवत का करत होतात? आणि निरोप विचारत होतात?"

"विचारायचं थांबलो असतो तर तुला कळलं असतं, मला कळलंय म्हणून. मग तू निरोप आणायचा बंद केला असतास. मग सकाळी काय करायचं?"

खालून झाडूचा आवाज येत होता. बायको रस्त्यावरची पानं लोटत होती, आणि इंजिनिअरसाहेब न सांगता फांदीचे तुकडे बाजूला ओढत होते.

"चूक कोणाची होती, आप्पा? त्या मालगाडीच्या बाबतीत?"

"मास्तरांचीच," आप्पा म्हणाले. "पण त्यांनी ते म्हणायचं नसतं."

पुढे काही दिवस आप्पांनी त्या उजेडात बसून पाहिलं. पण ती खिडकी पश्चिमेची होती. फांदी गेल्यामुळे दुपारचं ऊन पुन्हा थेट कॉटवर येई आणि त्यांना झोप लागत नसे. सुनेने कोपऱ्यावरच्या दुकानातून जाड कापड आणलं आणि खिडकीला पडदा लावून टाकला.